मृगातली गरज आणि मार्चमधली रक्कम

'शिष्यवृत्ती' या शब्दातील 'वृत्ती' म्हणजे मनाची ठेवण नव्हे, तर उपजीविकेचे साधन. गावजोश्याची वृत्ती किंवा पुजाऱ्याची वृत्ती असे जुन्या कागदपत्रांत ज्या अर्थाने म्हटले जाई, त्याच अर्थाने शिष्य शिकत असताना त्याचे पोट चालावे म्हणून त्याला लावून दिलेली नेमणूक ती शिष्यवृत्ती होय. हा मूळ अर्थ ध्यानात ठेवला की आजच्या व्यवहारात एकमेकांत मिसळून गेलेल्या काही संज्ञा वेगळ्या करता येतात. शिक्षणसंस्थेचे शुल्क शासनाने भरले किंवा माफ केले तर ती शुल्कमाफी, जिला महाविद्यालयांच्या कार्यालयांत सर्रास 'फ्रीशिप' म्हणतात. गाव सोडून शिकणाऱ्याच्या खोलीभाड्यासाठी आणि जेवणासाठी मिळतो तो निर्वाहभत्ता. कारखान्यात काम शिकणाऱ्या उमेदवाराला दरमहा मिळते ते विद्यावेतन. आणि पदव्युत्तर संशोधन करणाऱ्याला मिळते ती अधिछात्रवृत्ती. या साऱ्यांना बोलीभाषेत 'स्कॉलरशिप' हे एकच नाव असले, तरी विद्यार्थ्याच्या आयुष्यात त्या वेगवेगळ्या जागी उपयोगी पडतात, आणि त्यांपैकी एक मिळून दुसरी मिळाली नाही तर पहिलीचाही उपयोग पुष्कळदा अर्धाच होतो.

या विषयाचा विचार करण्यासाठी जळगाव जिल्ह्याच्या भुसावळ तालुक्यातील वरणगाव हे गाव सोयीचे आहे, कारण दोन वेगळ्या अर्थव्यवस्था तेथे शेजारी शेजारी नांदतात. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील या गावाजवळ १९६४ साली आयुध निर्माणी उभी राहिली; बंदुकांना लागणारी काडतुसे तयार करणारा हा केंद्र सरकारचा कारखाना ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे. निर्माणीत, भुसावळच्या रेल्वेत किंवा दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात कायम नोकरी असलेल्या घरात महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार येतो. त्याच गावात आणि आजूबाजूच्या शिवारात केळी, कापूस, ज्वारी आणि मजुरी यांवर चालणारी घरे आहेत, आणि त्यांच्या उत्पन्नाला तारीख नसते. केळीची मृगबाग जूनच्या आसपास लागते, कांदेबाग पावसाळा सरल्यावर लागते, आणि लागवडीपासून घड कापणीला येईपर्यंत साधारण वर्ष जाते. मधल्या काळात मे-जूनच्या वादळाने बाग आडवी केली किंवा घड तयार असतानाच भाव पडले, तर वर्षभराचा हिशेब कोलमडतो.

शाळा-महाविद्यालयांचे वर्ष नेमके याच मृगाच्या तोंडावर सुरू होते. बियाणे, खत, केळीची रोपे आणि मजुरी यांसाठी घरातला शेवटचा रुपया बाहेर पडतो, तेव्हाच प्रवेशशुल्क, गणवेश, वह्यापुस्तके, एसटीचा पास आणि बाहेरगावच्या खोलीची अनामत रक्कमही मागितली जाते. कापूस ऑक्टोबरनंतर घरी येतो आणि त्याचे पैसे दिवाळीच्या सुमारास किंवा त्यानंतर हाती पडतात. म्हणजे वर्षभराच्या बेरजेत शिक्षणाचा खर्च कसाबसा बसत असला, तरी जूनमध्ये तो बसत नाही. खानदेशातील शेतकरी कुटुंबात मुलाचे किंवा मुलीचे शिक्षण थांबते, ते बहुतेक वेळा कोणी शिक्षणाच्या विरोधात असते म्हणून थांबत नाही, तर निर्णयाच्या पंधरवड्यात हातात पैसा नसतो म्हणून थांबते. शिष्यवृत्तीचे खरे मोल तिच्या रकमेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती केव्हा मिळते आणि ती मिळणार याची खात्री किती आधी होते यावर ठरते, असा या प्रकरणाचा मुद्दा आहे.

विद्यार्थ्याच्या वाटेवर असे तीन पंधरवडे येतात: आठवीनंतर, दहावीनंतर आणि बारावीनंतर. यांपैकी पहिला फारसा चर्चेत नसतो, पण गरीब घरांत तोच निर्णायक ठरतो, कारण शिक्षणहक्क कायद्याने दिलेले मोफत शिक्षण आठवीला संपते आणि चौदा-पंधरा वर्षांचे मूल मजुरीला पुरेसे मोठे झाले असे घरच्यांना वाटू लागते. केंद्र सरकारची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती योजना, जिला शाळांमध्ये 'एनएमएमएस' या अक्षरांनीच ओळखतात, ती बरोबर या जागेसाठी २००८ साली आखली गेली. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत शिकणारा, सातवीत किमान ५५ टक्के गुण मिळवलेला आणि ज्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांहून अधिक नाही असा विद्यार्थी या योजनेच्या परीक्षेला बसू शकतो. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना गुणांच्या अटीत पाच टक्क्यांची सवलत आहे. परीक्षेत ९० गुणांची बौद्धिक क्षमता चाचणी आणि तितक्याच गुणांची शालेय क्षमता चाचणी असते. देशभरातून एक लाख आणि महाराष्ट्रातून ११,६८२ विद्यार्थी निवडले जातात, आणि निवडलेल्यांना नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये थेट त्यांच्या बँक खात्यात मिळतात. मात्र अकरावीत ती चालू राहण्यासाठी दहावीला ६० टक्के, आणि सवलतीच्या गटाला ५५ टक्के, गुण लागतात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जुनी, केवळ गुणवत्तेवर चालणारी शिष्यवृत्ती परीक्षा, जी पिढ्यान्‌पिढ्या चौथी-सातवीला होती आणि २०१७ पासून पाचवी-आठवीला घेतली जाऊ लागली, तिच्यात घरच्या उत्पन्नाचा प्रश्न विचारला जात नाही. एनएमएमएस गुण आणि गरज या दोन्ही चाळण्या एकाच वेळी लावते. या परीक्षेत पात्र ठरूनही निवडयादीत न बसलेल्या मराठा आणि कुणबी समाजांतील विद्यार्थ्यांसाठी 'सारथी' या पुण्याच्या राज्य शासकीय संस्थेने वर्षाला ९,६०० रुपयांची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती सुरू केली आहे, आणि एका गुणाने हुकलेल्या मुलांची निराशा पाहिलेल्या कोणाही शिक्षकाला तिचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

महिन्याला हजार रुपये ही रक्कम शहरी वाचकाला किरकोळ वाटेल. तिचे काम कळण्यासाठी कापूस वेचणीचा हंगाम पाहावा लागतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, हात जितके अधिक तितकी कमाई अधिक, आणि म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत नववी-दहावीची मुले, त्यातही मुली, वर्गातून हळूच कमी होऊ लागतात. त्या कमाईची जागा घेईल इतकी रक्कम मुलीच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात येत असेल, आणि ती पुढच्या वर्षी यायची असेल तर तिने वर्ग चुकवून चालणार नाही हे घरात सर्वांना माहीत असेल, तर शाळेत जाणे हे त्या घरात मिळकतीचे काम ठरते. मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की 'अजून तिची स्कॉलरशिप चालू आहे' हे वाक्य आईच्या हातात येते, आणि वडीलधाऱ्यांपुढे ते कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त टिकते. चार वर्षांचे ४८,००० रुपये याखेरीज आणखी एक गोष्ट करतात: बारावीपर्यंतची वाट आता आखलेली आहे, असे आठवीतल्या मुलाला सांगतात. परिचारिका, अभियंता, कृषी अधिकारी किंवा शिक्षक होण्याचे स्वप्न चौदाव्या वर्षी अनेकांना पडते; त्या स्वप्नासाठी विज्ञान आणि गणित मन लावून शिकणे मात्र त्यालाच जमते, ज्याला बारावीपर्यंत आपण शाळेत असणार याची खात्री आहे.

परीक्षेची तयारी जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांमध्ये कशी होते याची नोंद करणे आवश्यक आहे. शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर 'स्कॉलरशिपचे तास' घेण्याची प्रथा महाराष्ट्रात फार जुनी आहे, आणि हे तास बहुतेक ठिकाणी शिक्षक कोणताही मोबदला न घेता घेतात. एखाद्या शाळेतून वर्षानुवर्षे मुले निवडली जातात आणि शेजारच्या शाळेतून एकही नाही, यामागे मुलांच्या बुद्धीतला फरक क्वचितच असतो. बौद्धिक क्षमता चाचणीतील आकृत्या आणि संख्यामालिका हा सरावाचा विषय आहे, आणि जिथे सराव घेणारा शिक्षक आहे तिथे शिष्यवृत्ती आहे. अशा शिक्षकाची बदली झाली की गावाच्या नकळत कित्येक मुलांची वाट बदलते. गरिबांसाठीची योजना शेवटी एका माणसाच्या उत्साहावर उभी राहावी, हा या व्यवस्थेतील मोठा दोष मानला पाहिजे.

खात्री आणि वेळ यांचा परिणाम मोजण्याचे प्रयत्न जगात इतरत्र झाले आहेत, आणि त्यांपैकी दोन येथे उपयोगी पडतात. पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशात २००८ साली एस्थर डफ्लो, पास्कलीन ड्युपा आणि मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी अशा दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची निवड केली, ज्यांना उच्च माध्यमिक शाळेत प्रवेश मिळाला होता पण शुल्काअभावी तो घेता आला नव्हता. त्यांच्यापैकी ६८२ जणांना सोडत पद्धतीने पूर्ण शिष्यवृत्ती दिली गेली आणि दोन्ही गटांचा पुढे कित्येक वर्षे माग ठेवला गेला. सोडतीत नाव निघालेल्या मुलांचे शिक्षण पुरे करण्याचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा पुष्कळ अधिक निघाले, आणि मुलींच्या बाबतीत परिणाम पुढच्या पिढीपर्यंत पोहोचला: त्यांना मुले उशिरा आणि कमी झाली, आणि ती अधिक निरोगी राहिली. दुसरा प्रयोग अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचा. तेथे गरीब घरांतील हुशार विद्यार्थ्यांना, त्यांनी अर्ज करण्यापूर्वीच, 'प्रवेश मिळाला तर चार वर्षे शुल्क लागणार नाही, त्यासाठी वेगळे कागद भरावे लागणार नाहीत' असे पत्र पाठवण्यात आले. या मुलांपैकी बहुतेकांना तितकीच मदत एरवीही मिळालीच असती, म्हणजे पत्राने नवा पैसा जवळपास दिलाच नव्हता. तरीही अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण २६ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेले आणि प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून वाढले. पैसा तोच होता. तो मिळणार हे आधी आणि निःसंदिग्धपणे कळले, एवढाच बदल होता.

या कसोटीवर महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाच्या योजना पाहिल्या तर रकमांच्या बाजूने चित्र बरेच आशादायक आहे. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्यासाठी मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीच्या, शिष्यवृत्त्या आहेत. आर्थिकदृष्ट्या मागास घटकांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. आणि २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळू लागली आहे. वरणगावच्या मुलीला भुसावळच्या महाविद्यालयात जायचे असो, जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा २०१८ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, शुल्काचा मोठा अडथळा आता पूर्वीइतका उंच राहिलेला नाही. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा मोफत पास मिळतो. रोजच्या प्रवासखर्चामुळे अकरावी सोडून देणाऱ्या मुलींच्या दृष्टीने हा पास म्हणजे शिष्यवृत्तीच होय, जरी शासनाच्या हिशेबात तो वाहतुकीच्या खात्यात मोडत असला. पण शुल्क माफ झाले म्हणून पुण्यातली खोली आणि मेस माफ होत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ साली भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली, ती हेच ओळखून. मोठ्या शहरांत राहणाऱ्याला तीत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळतो.

अडचण आहे ती वेळेच्या बाजूने. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून, जात प्रमाणपत्र उपविभागीय अधिकाऱ्याकडून, जात वैधता प्रमाणपत्र जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून, नॉन-क्रीमीलेअर वेगळे, रहिवासी दाखला वेगळा, आणि हे सर्व आधारशी जोडलेल्या बँक खात्यासह महाडीबीटी या संकेतस्थळावर चढवायचे. त्यात वडिलांच्या नावातील एका वेलांटीचा फरकही अर्ज परत पाठवायला पुरतो. ज्याच्या घरात आधी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही त्याला ही यादी प्रवेशाच्या आठवड्यात पहिल्यांदा कळते. पुढे मंजुरी झाली तरी रक्कम पुष्कळदा शैक्षणिक वर्ष सरत आल्यावर, आणि कधी त्याही नंतर, जमा होते. पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क मागू नये असे शासनाने महाविद्यालयांना वेळोवेळी बजावलेले आहे. तरीही खोलीची अनामत, पुस्तके आणि पहिल्या महिन्यांचे जेवण यांची सोय घरालाच करावी लागते. मार्चमध्ये आलेला पैसा जूनमध्ये काढलेले कर्ज फेडायला उपयोगी पडतो, यात शंका नाही, पण ते कर्ज काढण्याचे धाडसच ज्या घराला झाले नाही, त्या घरातील विद्यार्थी मार्चच्या यादीत असतच नाही, आणि म्हणून योजनेच्या आकडेवारीत तो कधीच दिसत नाही.

उत्पन्नमर्यादेचाही असाच एक प्रश्न आहे. निर्माणीतील कायम कामगाराचा पगार कागदावर पूर्ण दिसतो आणि तो मर्यादेच्या थोडा वर गेला की त्याचे मूल बाहेर राहते, मग त्या पगारावर आजारी आईवडील आणि दोन भावंडांचे शिक्षण चालत असले तरी; उलट ज्याचे उत्पन्न कोणत्याच नोंदवहीत नाही, त्याला दाखला सहज मिळू शकतो. मर्यादा हवीच, परंतु रेषेच्या अलीकडे सर्व काही आणि पलीकडे काहीच नाही, अशी रचना असण्यापेक्षा उत्पन्न वाढेल तशी मदत टप्प्याटप्प्याने कमी करत जाणे अधिक न्यायाचे ठरेल.

शिष्यवृत्ती नसेल तर कर्ज हा दुसरा मार्ग उरतो, आणि त्याला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी जो निधी उभारला, त्यातून कर्जरूप शिष्यवृत्ती दिली जाई, म्हणजे कमावू लागल्यावर ती परत करायची असे. तिच्या पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. आजच्या शैक्षणिक कर्जाने अनेकांना अभियंते आणि डॉक्टर केले आहे, हे खरेच आहे. परंतु कर्ज करिअरची निवड आतून बदलते. अमेरिकेतील एका नामांकित विद्यापीठाने कर्जाऐवजी अनुदान देणे सुरू केले, तेव्हाच्या नोंदींवरून जेसी रॉथस्टीन आणि सिसिलिया राउस यांनी दाखवले की कर्ज डोक्यावर असलेले पदवीधर अधिक पगाराच्या नोकऱ्यांकडे वळतात आणि शिक्षकी किंवा लोकसेवेची कमी पगाराची कामे टाळतात. ज्याला सातपुड्याच्या पायथ्याशी दवाखाना काढायचा आहे किंवा आपल्याच तालुक्यात शिकवायचे आहे, त्याचे स्वप्न पहिल्या हप्त्याच्या तारखेपुढे टिकणे अवघड असते. शिष्यवृत्ती त्याला शिक्षण तर देतेच, पण शिकून झाल्यावर मनाजोगे काम निवडण्याची मोकळीकही देते, आणि या दुसऱ्या देणगीचा विचार योजना आखताना फार कमी वेळा होतो.

सर्वांना पदवीच हवी असते असेही नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आयटीआयमधून, फिटर, टर्नर, मशिनिस्ट किंवा वीजतंत्री होऊन बाहेर पडलेला तरुण कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकू शकतो. आयुध निर्माण्या आणि रेल्वे यांनी असे उमेदवार घेण्याची प्रथा जुनी आहे, आणि भुसावळ-वरणगाव पट्ट्यातील मुलांना 'अप्रेंटिस' हा शब्द शाळेत असल्यापासून ठाऊक असतो. दरमहा ठरलेल्या वेळी येणे हा विद्यावेतनाचा गुण इतर शिष्यवृत्त्यांनी घेण्यासारखा आहे.

वेळेवर मिळालेल्या आणि वेळेआधी संपलेल्या शिष्यवृत्तीचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात एकाच व्यक्तीच्या आयुष्यात सापडते. भीमराव आंबेडकर यांचे एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये त्यांचे वडील रामजी यांचे निधन झाले, आणि अशा वेळी घरातील कर्त्यासवरत्या मुलाने नोकरी धरणे हाच रिवाज असताना, त्याच वर्षीच्या जूनमध्ये बडोदा संस्थानाशी करार होऊन त्यांना तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, ही तीतली अट होती. रक्कम मोठी नव्हती, पण तीन वर्षे ठरलेली होती, आणि त्या निश्चित काळात त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राबरोबरच समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र आणि तत्त्वज्ञान असे विषय घेतले, १९१५ साली एम. ए. पूर्ण केले आणि १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव घातले. मग मुदत संपली. १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात अधिकारी असूनही अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळाली नाही, आणि ती नोकरी सोडून मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून, पैसे साठवून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला जाऊ शकले. डी. एस्सी. ही पदवी त्यांना १९२३ साली मिळाली. तोडलेला धागा पुन्हा जोडायला तीन वर्षे लागली, आणि तेही त्यांच्या असामान्य चिकाटीमुळे जमले. इतर किती जणांचा धागा तसाच तुटलेला राहिला असेल, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

ही तुटण्याची किंमत आंबेडकरांनी स्वतः मोजलेली होती. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाल्यावर त्यांनी अस्पृश्य समाजाच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने नियमित तरतूद करावी, ही मागणी लावून धरली, आणि १९४४ साली अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. एका संस्थानिकाच्या मर्जीवर एका विद्यार्थ्याला मिळालेली गोष्ट यापुढे अर्ज करणाऱ्या प्रत्येक पात्र विद्यार्थ्याला मागता येऊ लागली. तीच योजना, केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा अशा आजच्या रूपात, अजून चालू आहे. वरणगावहून सकाळच्या गाडीने भुसावळच्या महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी जून-जुलैमध्ये सेवा केंद्रावरच्या रांगेत उभा राहून महाडीबीटीवर जो अर्ज भरतो, तो पुष्कळदा याच योजनेचा असतो.